डिलीट केलं, पण जागा कुठाय?

ताडोबासारख्या जंगलात लावलेले कॅमेरे लाखोंनी फोटो काढतात. त्यातले नको असलेले उडवले, तरी डेटाबेसची फाइल तेवढीच्या तेवढीच राहते! असं का होतं? ती जागा परत कशी मिळवायची? आणि मुळात उडवायचं काय?

३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३.

हा कुठल्या रीलच्या व्ह्यूजचा आकडा नाही. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपनी काढलेल्या फोटोंचा आहे. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले होते आणि या कामाची गिनेस बुकात नोंद झाली. आता ओळखा, एवढ्या फोटोंत वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटो बघा, तेव्हा एकात वाघोबा दर्शन देणार.

२०२२ ची गणना आणखी मोठी झाली. ३२,५८८ ठिकाणं, ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो आणि त्यात वाघाचे ९७,३९९. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ झाले आणि २०२२ मध्ये ४४४. यातला मोठा वाटा आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा. ताडोबात वाढलेले वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या जंगलातही पोचलेत. वाघ वाढले की कॅमेरे वाढतात, कॅमेरे वाढले की फोटो वाढतात. आणि फोटो वाढले की एक दिवस स्क्रीनवर मेसेज येतो : डिस्क फुल.

मग कुणीतरी म्हणतं, ‘जुने बिनकामाचे फोटो उडवून टाका ना!’ उडवतात. आणि बघतात तर काय, डिस्क अजून फुलच!

कॅमेऱ्याला वाघ कळत नाही

आधी एवढे बिनकामाचे फोटो येतात कुठून ते बघू. झाडाच्या खोडाला बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. समोरून आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं, की शटर पडतं. त्याला वाघ, बैल, माणूस हा फरक कळत नाही. त्यात आपला चंद्रपूरचा मे महिना! गवत तापलेलं, वारा सुटला, पातं हललं, की झाला फोटो. दुपारभर कॅमेरा नुसता गवताचे फोटो काढत बसू शकतो.

शिवाय एका ठिकाणी कॅमेरे दोन लागतात, समोरासमोर. कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही बाजू मिळाल्या तरच ‘हा तोच वाघ’ असं खात्रीनं सांगता येतं. म्हणजे वाघाचे फोटो दुप्पट आणि गवताचेही दुप्पट.

हे फोटो वेगळे करायला आता एआयची मदत मिळते. २०१८ च्या गणनेत प्रजातीप्रमाणे फोटो वेगळे करण्यासाठी ‘कॅटरॅट’ नावाचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या टीमनं तयार केलेलं ‘मेगाडिटेक्टर’ हे मॉडेल तर फुकट मिळतं. फोटोत प्राणी आहे, माणूस आहे, गाडी आहे की काहीच नाही, एवढं ते सांगतं. म्हणजे निवडणं सोपं झालं. उडवणंही सोपं झालं. जागा परत मिळवणं मात्र तेवढं सोपं नाही.

एक लाख फोटोंचं प्रोजेक्ट

समजा, मूलच्या एखाद्या कॉलेजातल्या चौघांनी फायनल इयरला असं प्रोजेक्ट घेतलं. २० ठिकाणं, ४० कॅमेरे, २५ दिवस, रोज प्रत्येक कॅमेऱ्याचे सरासरी १०० फोटो. झाले १ लाख फोटो. एक फोटो साधारण १ एमबीचा धरला, तर जवळपास १०० जीबी.

चौघांनी सगळे फोटो सरळ डेटाबेसच्या टेबलमध्येच टाकले. फोटो, ऑडिओ, पीडीएफ अशा गोष्टी टेबलच्या रकान्यात ठेवतात, तेव्हा त्यांना ‘ब्लॉब’ म्हणतात. डेटाबेस होता एसक्यूलाइट. नाव ऐकलं नसेल, पण वापरता रोज. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये तोच असतो, आयफोनमध्येही तोच.

एआयनं सांगितलं, ७५ हजार फोटो रिकामे. चौघांनी डिलीटची कमांड दिली. टेबलमध्ये २५ हजार ओळी उरल्या. फाइलचा साइज बघितला : १०० जीबी. बाप्पा!

एसटी आणि रुमाल

हे समजायला चंद्रपूर-गडचिरोली एसटीत बसू या.

गाडी चंद्रपूरच्या स्टँडवरच खच्चून भरली. मूलला वीस जण उतरले. म्हणून गाडी वीस सीटनं लहान झाली का? नाही. गाडी तेवढीच लांब, रस्त्यावरची जागाही तेवढीच अडवणार. फरक एवढाच, की आता सावलीला चढणाऱ्याला बसायला मिळेल.

डेटाबेसची फाइल म्हणजे ही एसटी. तुमची डिस्क म्हणजे रस्ता. फाइलच्या आत ठरावीक मापाची पानं असतात, त्या सीटा. एसक्यूलाइटमध्ये हे पान सहसा ४ केबीचं असतं, पोस्टग्रेसमध्ये ८ केबीचं आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये १६ केबीचं. तुम्ही फोटो डिलीट केला, की एसक्यूलाइट त्याची पानं ‘रिकामी’ म्हणून एका यादीत टाकतो. पुढचा फोटो आला, की त्याला त्या यादीतली पानं देतो. ऑपरेटिंग सिस्टमला मात्र यातलं काही कळत नाही. तिला फक्त बाहेरून गाडी दिसते, १०० जीबीची.

पोस्टग्रेसमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे प्रवासी उतरला तरी सीटवर त्याचा रुमाल राहतो! का? कारण तुम्ही फोटो उडवत असताना, त्याच क्षणी दुसरा कुणी यूजर तो फोटो वाचत असू शकतो. त्याच्या हातातून अर्ध्यात फोटो काढून घेता येत नाही. म्हणून डिलीट म्हणजे फक्त खूण : ‘ही ओळ आता मेली.’ सगळ्यांचं वाचून झालं, की कंडक्टर फिरतो आणि रुमाल उचलतो. या कंडक्टरचं नाव ‘व्हॅक्यूम’. तो आपोआप फिरतो तेव्हा ‘ऑटोव्हॅक्यूम’. टेबलमधल्या साधारण २० टक्के ओळी मेल्या, की तो कामाला लागतो, अशी सुरुवातीची सेटिंग असते.

पण लक्षात घ्या, कंडक्टरनं रुमाल उचलला तरी गाडी लहान होत नाही. सगळ्यात मागच्या सीटा सलग रिकाम्या असतील, तर पोस्टग्रेस फाइलचं तेवढं शेपूट कापू शकतो. मधल्या सीटा रिकाम्या झाल्या तर गाडी जशीच्या तशी.

डेटाबेस असा कंजूसपणा का करतो? कंजूसपणा नाही, हिशेब आहे. ऑपरेटिंग सिस्टमकडून जागा मागणं, परत करणं, पुन्हा मागणं यात वेळ जातो. आणि डेटाबेसचा अंदाज असतो, की आज जागा रिकामी झाली तर उद्या भरणारच. मूलला वीस उतरले, सावलीला वीस उभे असतील.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : पुढच्या सीझनचे फोटो याच टेबलमध्ये येणार आहेत का? येणार असतील, तर काहीच करू नका. रिकामी जागा वापरली जाईल, फाइल आणखी वाढणार नाही. साइजचा आकडा बघून उगाच जीव जाळायचा नाही.

लहान गाडी बोलवा

पण समजा प्रोजेक्ट संपलं. नवे फोटो येणार नाहीत. किंवा तोच लॅपटॉप दुसऱ्या कामाला हवा आहे. मग उरलेल्या प्रवाशांना लहान गाडीत बसवायचं आणि मोठी गाडी डेपोत परत पाठवायची. एसक्यूलाइटमध्ये या कामाला ‘व्हॅक्यूम’ म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये ‘व्हॅक्यूम फुल’, मायएसक्यूएलमध्ये ‘ऑप्टिमाइझ टेबल’. नावं वेगळी, काम तेच : जिवंत ओळी नव्या फाइलमध्ये ओळीनं लिहायच्या आणि जुनी फाइल सोडून द्यायची.

इथे दोन फटके बसतात.

पहिला फटका जागेचा. प्रवासी बदलेपर्यंत दोन्ही गाड्या रस्त्यावर शेजारी उभ्या लागतात. म्हणजे जागा मोकळी करायला आधी मोकळी जागा हवी! एसक्यूलाइटची स्वतःची माहितीपुस्तिका सांगते, की या कामाला मूळ फाइलच्या दुप्पट एवढी मोकळी जागा लागू शकते. चौघांच्या १०० जीबीच्या फाइलला, वाईटात वाईट स्थितीत, २०० जीबी. लॅपटॉप २५६ जीबीचा. कसं जमणार? म्हणून डिस्क ९५ टक्के भरेपर्यंत वाट बघायची नसते.

दुसरा फटका थांबण्याचा. पोस्टग्रेसचा ‘व्हॅक्यूम फुल’ चालू असताना त्या टेबलला पक्कं कुलूप लागतं. लिहिणं सोडा, कुणाला वाचताही येत नाही. प्रेझेंटेशनच्या सकाळी हा प्रयोग नको.

आपल्या चौघांसाठी सोपी वाट आहे. एसक्यूलाइटमध्ये २०१९ पासून ‘व्हॅक्यूम इंटू’ अशी कमांड मिळते. ती मूळ फाइलला हात न लावता, उरलेल्या डेटाची आटोपशीर नवी प्रत तुम्ही सांगाल तिथे लिहिते. बाहेरची हार्ड डिस्क लावा, नवी फाइल तिच्यावर घ्या. २५ जीबीची झाली? उघडून बघा, ओळी मोजा, चारदोन फोटो उघडा. सगळं नीट असेल तरच जुनी फाइल उडवा. नव्या फाइलचाही एक बॅकअप ठेवा. आणि ही हार्ड डिस्क आधीच जवळ ठेवलेली बरी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथे काम करणाऱ्याला ‘उद्या ऑनलाइन मागवू’ म्हणून चालत नाही.

अनाथ फोटो

फोटोंच्या बाबतीत पोस्टग्रेसमध्ये एक खास खड्डा आहे. तिथे फोटो ठेवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत फोटो टेबलच्याच रकान्यात राहतो. दुसरीत तो ‘लार्ज ऑब्जेक्ट’ म्हणून वेगळ्या कोठारात जातो आणि तुमच्या टेबलमध्ये फक्त त्याचा नंबर राहतो. दुसऱ्या पद्धतीत तुम्ही टेबलमधली ओळ उडवली, तर उडतो तो फक्त नंबर. फोटो कोठारात तसाच. त्याला विचारणारं आता कुणी नाही, पण जागा तो अडवून बसलेला. कितीही व्हॅक्यूम करा, तो हलणार नाही, कारण डेटाबेसच्या लेखी तो जिवंत आहे. असे अनाथ फोटो शोधून काढायला ‘व्हॅक्यूम एलओ’ नावाचं वेगळं टूल पोस्टग्रेससोबत येतं. आधी ते चालवायचं, मग बाकीची झाडलोट.

मग फोटो डेटाबेसमध्ये ठेवायचेच कशाला? चांगला प्रश्न. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधनात, जिम ग्रे यांच्यासारखा दिग्गज ज्यात होता, हेच तपासलं गेलं. निष्कर्ष असा : २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या असतील तर साध्या फाइल म्हणून फोल्डरमध्ये बऱ्या. मधल्या मापाचं कामाप्रमाणे ठरवा. तो काळ वेगळा, तेव्हाच्या डिस्क वेगळ्या. तरी ढोबळ नियम म्हणून आजही चालतो. लहान थंबनेल डेटाबेसमध्ये, मोठा फोटो फोल्डरमध्ये आणि टेबलमध्ये त्याचा पत्ता.

आणखी एक युक्ती : प्रत्येक सीझनचं टेबल वेगळं ठेवा. जुना सीझन नको झाला, की ओळी उडवत बसायचं नाही, अख्खं टेबलच काढून टाकायचं. पोस्टग्रेसमध्ये टेबल काढलं की त्याची फाइलच जाते आणि जागा लगेच परत मिळते. एका गाडीत सगळ्यांना कोंबण्याऐवजी प्रत्येक सीझनची वेगळी गाडी.

कचरा कोणाचा?

इथपर्यंत मशीनचं झालं. आता माणसाचं.

‘बिनकामाचा फोटो’ म्हणजे कोणता? वाघ मोजणाऱ्याला गाईचा फोटो कचरा. पण उद्या कुणाला शोधायचं असेल, की गावची गुरं कोणत्या वाटेनं चरायला जातात आणि त्याच वाटेवर वाघ किती वाजता येतो, तर तोच फोटो सोनं. वाघ आणि माणूस समोरासमोर येण्याचं दुःख आपल्या दोन्ही जिल्ह्यांना नवीन नाही. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. त्याआधी ‘वाघ, बिबट सोडून बाकी सगळं उडवा’ असा नियम कुणी लावला असता, तर हत्तीचा पहिला फोटोही त्याच नियमानं गेला असता.

अगदी रिकाम्या गवताचा फोटोसुद्धा काहीतरी सांगतो. १२ तारखेला दुपारी कॅमेरा चालू होता, हे त्यातून कळतं. कॅमेरा किती दिवस खरोखर चालला, हे माहीत नसेल तर ‘वाघ दिसला नाही’ या वाक्याला अर्थच उरत नाही. वाघ आला नाही, की बॅटरी संपली होती?

म्हणून फोटो उडवा, पण नोंद ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण, कॅमेरा नंबर आणि ‘काय दिसलं’ हे काही अक्षरांत मावतं. १ लाख ओळींचा हा मजकूर थोड्याशा एमबीत बसतो. अख्खी ओळ डिलीट करण्याऐवजी फक्त फोटोचा रकाना रिकामा करायचा. जागा जवळपास तेवढीच सुटते आणि जंगलाचा इतिहास हातात राहतो.

जो फोटो खरंच पुसला पाहिजे

काही फोटो मात्र असे, की ते उडवलेच पाहिजेत. आणि नीट उडवले पाहिजेत.

मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे मोहफूल वेचायला माणसं पहाटेच जंगलात जातात, बाया-पोरी जास्त. मे महिन्यात तेंदूपत्ता. जंगलातले कॅमेरेही बहुतेक याच कोरड्या दिवसांत लागतात. मग फोटोत माणसं येणारच. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात १४ महिने राहून २७० लोकांशी बोलून अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलातल्या कॅमेऱ्यात एका बाईचा अगदी खासगी क्षणीचा फोटो आला आणि तो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, असं त्यात नोंदलेलं आहे. जंगल ही तिथल्या बायांची मोकळी बोलायची, गाणी म्हणायची जागा. कॅमेरे आल्यावर त्या गप्प झाल्या.

आता रुमालाची गोष्ट आठवा. डिलीट म्हणजे खूण, पुसणं नव्हे. पानावर दुसरा डेटा येईपर्यंत त्या बाईचा फोटो फाइलमध्ये जसाच्या तसा पडलेला असू शकतो आणि जाणकार माणूस तो बाहेर काढू शकतो. तुम्ही ती फाइल पेन ड्राइव्हवर मित्राला दिली, तर ‘डिलीट केलेला’ फोटोही त्याच्याकडे गेला. वाघाच्या ठावठिकाण्याचंही तेच. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेलवर येत होती, त्यात शिरण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याची बातमी गाजली होती. असा डेटा कुणाला तरी हवा असतो.

म्हणून इथे जागेचा प्रश्न नसला तरी फाइल नव्यानं लिहायची. एसक्यूलाइटमध्ये ‘सिक्युअर डिलीट’ अशी सेटिंग आहे, ती चालू असेल तर उडवलेल्या जागेवर शून्यं लिहिली जातात. आणि बॅकअप विसरू नका. मूळ फाइल साफ केली आणि गेल्या महिन्याची प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर तशीच असेल, तर काही पुसलेलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही काम संपल्यावर वैयक्तिक डेटा पुसण्याची जबाबदारी सांगितलेली आहे. पण कायदा नसता तरी, आपल्याच गावची माणसं ती.

डिलीटचं बटण दाबण्याआधी...

* आधी मोजा. जी अट लावून डिलीट करणार, तीच अट लावून ओळी मोजून बघा. ७५ हजार अपेक्षित असताना ९९ हजार आल्या, तर थांबा.
* बॅकअप घ्या आणि तो उघडतो का ते बघा. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे नुसतं समाधान.
* ओळ ठेवायची की फोटोच उडवायचा, हे ठरवा. शंका असेल तर नोंद ठेवा.
* जागा पुन्हा भरणार असेल तर फाइल लहान करू नका. भरणार नसेल तरच करा.
* फाइल लहान करण्याआधी मोकळी जागा तपासा. नसेल तर बाहेरच्या डिस्कवर नवी प्रत लिहा.
* माणसांचे फोटो वेगळे काढा. ते पुसताना मूळ फाइल, बॅकअप आणि मित्रांना दिलेल्या प्रती, तिन्हीकडे पुसा.

डेटाबेस शिकताना आपण टेबल बनवायला शिकतो, भरायला शिकतो, शोधायला शिकतो. रिकामं करायला फारसं कुणी शिकवत नाही. येत्या काही वर्षांत आपल्या जंगलात कॅमेरे कमी होणार नाहीत, वाढतीलच. ते फोटो सांभाळायला, निवडायला आणि योग्य ते पुसायला इथलीच पोरं-पोरी लागणार आहेत. ज्यांना जंगलही कळतं आणि रुमालही.